घरातल्या सामानाची वाटणी: आधी पद्धत ठरवा, मग वस्तूला हात लावा

जमिनीच्या वाटणीला तलाठी असतो, मोजणी असते, गट नंबर असतो. घरातल्या सामानाला यातलं काहीच नसतं. आईच्या पाटल्या, तांब्याचा बंब, बैलजोडी, तुषार संच, महालक्ष्म्यांचे मुखवटे, आजोबांची पोथी यांना एकमेकांशी तोलायचं कोणत्या काट्यावर? म्हणून शेत शांतपणे वाटून झालेल्या घरातही एखाद्या घंगाळावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं.

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा रीतीत असतं. कोणी आधी उचललं, भाव कोणी सांगितला, कोणाला न विचारता काय गेलं, यावरून मनं दुखावतात. यावर उपाय एकच: आपल्या वाट्याला काय येणार हे कोणालाच माहीत नसताना वाटणीची पद्धत ठरवून ती कागदावर लिहायची. त्या वेळी प्रत्येकाला सरळ पद्धतच हवी असते. ‘बंब मला पाहिजे’ हे एकदा तोंडातून गेलं की जो तो आपल्या सोयीची पद्धत सुचवायला लागतो.

वाटणीसाठी तेरवीच्या गर्दीतला दिवस निवडू नका. पाहुणे घरात असतात, माणसं थकलेली असतात आणि ‘आता सगळे आलोच आहोत तर उरकून घेऊ’ म्हणत घाईत केलेली वाटणी पुढे टिकत नाही. तोवर दागिन्यांच्या कपाटाला दोन कुलपं लावून किल्ल्या दोघांकडे द्या. यादी होईपर्यंत कोणीही काहीही नेणार नाही, आठवण म्हणून एखादी साडीसुद्धा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर बोलून टाका.

वाटेकरी कोण

सामान मोजण्याआधी माणसं मोजा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वडील गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, असे सगळे सारखे वाटेकरी असतात. आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या मालमत्तेचे, म्हणजे तिच्या दागिन्यांचेही, वाटेकरी मुलगे, मुली आणि तिचा पती. आधीच वारलेल्या भावाचा किंवा बहिणीचा हिस्सा त्यांच्या मुलांकडे जातो; वडिलांच्या मालमत्तेत वारलेल्या भावाच्या विधवेलाही त्यात वाटा असतो. मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांसारखा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. बहिणीनं जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तर ते त्यात लिहिलेल्या मालमत्तेपुरतंच धरा. ‘तिनं सगळंच सोडलं’ असं गृहीत धरून तिला दागिन्यांच्या यादीतून वगळणं अन्यायाचं आहे, आणि तेच सर्रास होतं.

आई हयात असेल तर तिचे दागिने वाटणीत येतच नाहीत. ते तिचे आहेत. तिनं आपल्या हातानं काय द्यायचं ते तिचं ती बघेल. वडिलांच्या मालमत्तेतला तिचा हिस्सा यापेक्षा वेगळा.

मुस्लिम कुटुंबात हिस्से सारखे नसतात, पण पुढच्या पद्धती तिथंही चालतात. सुन्नी घरातलं उदाहरण घ्या: मागे विधवा आई, दोन मुलगे, तीन मुली. मुलं असल्यामुळं विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे सामानाचे आठ सारखे वाटे पाडायचे: आईला एक, दोन्ही मुलांना दोन-दोन, तिन्ही मुलींना एक-एक. हिस्से असमान असले की असे सारखे छोटे वाटे पाडून ज्याला जितके लागू तितके द्यायचे.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत मिटवा. ज्यानं आई-वडिलांची शेवटची वर्षं सांभाळली, दवाखाना केला, त्याच्या किंवा तिच्या मनात जास्तीची अपेक्षा असते, आणि ती बहुधा रास्त असते. ती झाकून ठेवली की नंतर प्रत्येक वस्तूच्या वेळी डोकं वर काढते. ‘सेवेपोटी अमुक रक्कम’ किंवा ‘अमुक एक वस्तू’ असं सर्वांच्या संमतीनं ठरवून ती वाटणीतून आधीच बाजूला काढा. बाकीचं मग हिशेबानं वाटता येतं.

काय वाटायचं नाही

सुनांचं आंदण पहिल्यांदा वेगळं करा. स्वयंपाकघरातलं प्रत्येक पितळी आणि स्टीलचं भांडं उलटं-सुलटं करून त्यावरचं नाव वाचा. भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडची पद्धत इथं साक्षीदार ठरते: देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, बऱ्याचदा लग्नाची तारीखही असते. सुनेच्या माहेरहून आलेलं कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, तिच्या अंगावरचे आणि तिला घातलेले दागिने हे स्त्रीधन आहे. ते वाटणीत धरू नका.

विहिरीतली किंवा बोअरची मोटर, केबल, स्टार्टर हेही घरसामानाच्या यादीत नको. पाणी ज्या वाट्याला किंवा ज्या पाळीनं जाईल त्याच्यासोबत ते जाईल, म्हणून ते जमिनीच्या कागदात घ्या. परवान्याची बंदूक असेल तर ती वाटून घेण्याची वस्तू नाही. ती पोलीस ठाण्यात जमा करून नाव बदलण्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते.

यादी

एक जाड वही घ्या. रकाने सहा: अनुक्रमांक, वस्तू, वजन किंवा नग, अवस्था, आता कुठं आहे, ओळखीची खूण. एकानं वस्तू उचलायची, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी वस्तूजवळ ठेवून मोबाईलवर फोटो काढायचा. पुण्या-मुंबईला असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याच रात्री फोटो सगळ्यांना पाठवा. जो हजर नव्हता तोच पुढे ‘ती वाकी कुठं गेली’ म्हणून विचारतो, आणि त्याचं विचारणं चूक नसतं.

खोल्यांच्या क्रमानं जा: देवघर, स्वयंपाकघर, माळवद, बळद (धान्याची कोठी), गोठा, शेतातला आखाडा (शेतघर). सर्वांत जास्त चुकतं ते घराबाहेर असलेलं सामान: शेजाऱ्याला दिलेले पाईप, लग्नाला नेलेली डेग, बँकेच्या लॉकरमधली डबी, सोनेतारणात पडलेली पाटली. गहाण दागिना यादीत येतो, पण त्यावरचं कर्ज आणि व्याज वजा करून. ट्रॅक्टरवर फायनान्सचा बोजा असेल तर तसंच. मालक वारल्यावर वाहन वारसाच्या नावावर करायला आरटीओकडे नमुना ३१ लागतो आणि बोजा उतरवायला नमुना ३५. हे काम आणि त्याचा खर्च कोणाचा, ते त्याच ओळीत लिहा.

कोणी आधीच काही नेलं असेल तर परत आणायचा हट्ट नको. त्या वस्तूला बाकीच्यांसारखाच क्रमांक द्या, भाव लावा आणि ती त्याच्या वाट्यात मिळालेली म्हणून धरा. बोल लागत नाही आणि हिशेबही चुकत नाही.

वजन आणि भाव

सोन्याची सर्वांत मोठी गफलत तोळ्याची. जुन्या वहीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफी बोलण्यातला १० ग्रॅमचा. आजोबांच्या वहीत ‘२० तोळे’ लिहिलं असेल तर ते २३३ ग्रॅम भरतील. २०० ग्रॅम समजून बसलात तर ३३ ग्रॅमचा घोळ. म्हणून सगळं ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत लिहा.

दुसरी गफलत आतल्या लाखेची. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, वज्रटीक, ठुशी यांत लाख, गोफ, दोरा, मणी असतात. अख्खा दागिना काट्यावर ठेवून आलेल्या आकड्याला सोन्याचा भाव लावला, की ज्याच्या वाट्याला बोरमाळ आली तो फसला आणि ज्याला भरीव पाटल्या मिळाल्या तो फायद्यात राहिला. सराफाकडून निव्वळ सोन्याचं वजन आणि शुद्धता दोन्ही लिहून घ्या. शुद्धता यंत्रावर दागिना न वितळवता कळते. हॉलमार्कवर ९१६ म्हणजे २२ कॅरेट, पण जुन्या दागिन्यांवर असा शिक्का सहसा नसतो, म्हणून तपासणी हवीच. दोन वेगवेगळ्या दुकानांत जा आणि जाताना निदान दोन वाटेकरी सोबत असू द्या. घडणावळ धरू नका. ती वाटणीच्या दिवशी कोणालाच परत मिळत नाही.

दोन वाट्यांत सोन्याचा फरक पडला तर तो रुपयांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहा. ‘थोरल्यानं बहिणीला ४ ग्रॅम २२ कॅरेट देणं.’ पैसे सहा महिन्यांनी मिळणार असतील आणि मधल्या काळात सोनं वर गेलं, तर रुपयांत लिहिलेला आकडा कोणा एकाला बुडवतो.

चांदीच्या डब्यात जुने रुपये निघतील. मराठवाड्यातल्या घरांत ते दोन प्रकारचे असतात, इंग्रजी आणि निजामाचे हाली, आणि दोघांना एकाच मापानं मोजायची चूक होते. राणीच्या आणि जॉर्ज बादशहाच्या १९३९ पर्यंतच्या इंग्रजी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी जवळजवळ ९२ टक्के. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात ती मुळीच नाही. हाली रुपया थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम. जुन्या हालीत चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास, शेवटच्या काळातल्यात त्याहून बरीच कमी. हालीवर हिजरी साल असतं, ते वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. एका वाट्यात पन्नास इंग्रजी आणि दुसऱ्यात पन्नास हाली टाकून ‘सारखे झाले’ म्हणू नका. सालाप्रमाणे ढीग करा आणि प्रत्येक ढीग वेगळा वाटा. वितळवण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा, काही सालांना चांदीपेक्षा जास्त किंमत येते. उजळवायला म्हणून घासूही नका. बिदरीच्या सुरई-पानदानाचंही तेच: तिचा काळा रंग हाच तिचा कस आहे, चिंचेनं चोळून तो घालवला की वस्तू आणि किंमत दोन्ही जातात.

तांब्या-पितळेची भांडी दोन गटांत घ्या. फुटकी, गळकी, कल्हई गेलेली आणि कोणाच्या वापरात नसलेली ती मोडीत धरा, किलोवर तोला, धातू वेगवेगळे. मोंढ्यातला किंवा ओळखीच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. चांगला बंब, जड घंगाळ, हंडे, समई यांना मात्र मोडीचा भाव लावणं चूक आहे. ती पुढे सांगितलेल्या पाळीनं किंवा बोलीनं वाटा.

पैठणी आणि हिमरूच्या शालीबद्दल एकच सांगणं, आणि ते कळकळीचं: कापू नका. पदर एकीला, काठ दुसरीला, अशी ‘समान’ वाटणी म्हणजे दोघींना चिंध्या. जुनी जर विकत घेणारा चांदीपोटी वजनावर भाव सांगतो. तो जरीचा भाव झाला, पैठणीचा नव्हे.

बैलांचा भाव बाजारातून आणा. देवणी किंवा लाल कंधारीची जोडी असेल तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात वावरणारा, माळेगावच्या यात्रेत जाणारा जाणकार दात आणि खांद बघून आकडा सांगतो. चाराटंचाईच्या दिवसांत भाव पडलेला असतो, तो धरून वाटणी करू नका. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवा.

जोड मोडू नका

भाव लावण्याआधी काय एकत्रच राहील ते ठरवा. एकमेकांच्या सवयीची बैलजोडी फोडली तर दोन्ही बैलांची किंमत घटते, कारण दोघांनाही नवा जोडीदार शोधून पुन्हा जुळवावं लागतं. तिफण तिच्या चाड्यासह आणि नळ्यांसह एक. तुषार संच पाईप, जोड, रबर रिंगा, नोझल मिळून एक. वीस फुटी पाईप दोघांनी निम्मे-निम्मे नेले तर एकाचंही वावर धड भिजत नाही. पाटल्यांचा जोड, समयांची जोडी, पोथीचे सगळे अध्याय, उखळ आणि मुसळ, पाटा आणि वरवंटा, प्रत्येक जोडी एकाच क्रमांकाखाली लिहा.

चार पद्धती, कोणती कुठं

सगळ्या सामानाला एकच पद्धत लावायची गरज नाही. आमच्या मते बहुतेक घरांत पुढच्या चारांतून काम भागतं.

*ढीग पाडणं.* ज्वारीचे कट्टे, स्टीलची ताटं-वाट्या, सुटे पाईप, गाद्या, मोडीची भांडी यांसाठी. दोघंच असतील तर एकानं दोन वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणारा मागे राहणार म्हणून तो स्वतःच काटेकोर वागतो. तिघं असतील तर नुसतं ‘पाडणारा शेवटी’ पुरत नाही, कारण मधल्याची पंचाईत होते. तेव्हा असं करा: एकानं तीन वाटे पाडावेत. उरलेल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता, आपल्याला चालतील ते वाटे चिठ्ठीवर लिहावेत. दोघांना वेगवेगळे वाटे देता आले तर प्रश्न मिटला. दोघांचीही नजर एकाच वाट्यावर असेल, तर दोघांनी नाकारलेल्यांपैकी एक वाटा पाडणाऱ्याला द्यायचा, बाकीचे दोन एकत्र ढीग करायचे आणि त्या दोघांत एकानं पाडायचे, दुसऱ्यानं उचलायचे. पाडणाऱ्याची तक्रार राहत नाही, कारण तिन्ही वाटे त्याच्याच मते सारखे होते.

*पाळीनं उचलणं.* मध्यम किमतीच्या, वेगवेगळ्या वस्तूंसाठी: घंगाळ, समई, साड्या, फवारणीचा पंप, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ. पाळीचा क्रम चिठ्ठीनं ठरवा आणि प्रत्येक फेरीला उलटा करा. चौघांत पहिली फेरी १-२-३-४, दुसरी ४-३-२-१, तिसरी पुन्हा सरळ. हे का, ते आकड्यांत बघा. सर्वांच्या लेखी आठ वस्तूंचे भाव ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २०, १० असे असतील आणि दोन्ही फेऱ्या सरळ घेतल्या, तर पहिल्याला १२० मिळतात, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला ८० आणि चौथ्याला ६०. फेरी उलटवली की चौघांना नव्वद-नव्वद. दोघंच असतील तर १-२-२-१ आणि पुढच्या चार वस्तूंना २-१-१-२.

ही पद्धत बिघडते ती एखादी वस्तू बाकीच्यांपेक्षा फार मोठी असल्यावर. यादीत ट्रॅक्टर असेल तर पहिली पाळी ज्याला लागली त्यानं सगळंच जिंकलं. उलट फेरीनं ते भरून निघत नाही. असल्या वस्तू आधी बाजूला काढा.

*बंद पाकिटातली बोली.* त्या मोठ्या वस्तूंसाठी, आणि दोघातिघांचा जीव अडकलेल्या वस्तूंसाठी हीच पद्धत. पोलंडचे गणिती श्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये वाटणीच्या पद्धतींवर लिहिलं, त्यात त्यांचे सहकारी क्नास्टर यांची ही युक्ती आहे. प्रत्येकानं प्रत्येक वस्तूला आपल्या लेखी जी किंमत आहे ती लिहून पाकीट बंद करायचं. सगळी पाकिटं एकदम फोडायची. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, वस्तू त्याची. मग पैशांत मेळ घालायचा.

तिघा भावंडांचा हिशेब पूर्ण करून दाखवतो. थोरल्यानं लिहिलं: ट्रॅक्टर २,८५,०००, बैलजोडी ९०,०००, आईच्या पाटल्या २,१०,०००. बेरीज ५,८५,०००, म्हणजे त्याच्या लेखी त्याचा तिसरा हिस्सा १,९५,०००. बहिणीनं लिहिलं: ट्रॅक्टर २,४०,०००, बैलजोडी ६०,०००, पाटल्या २,७०,०००. बेरीज ५,७०,०००, हिस्सा १,९०,०००. धाकट्यानं लिहिलं: ट्रॅक्टर २,७०,०००, बैलजोडी १,२०,०००, पाटल्या २,१०,०००. बेरीज ६,००,०००, हिस्सा २,००,०००.

ट्रॅक्टर थोरल्याला, पाटल्या बहिणीला, बैलजोडी धाकट्याला. थोरल्याला आपल्या हिश्श्यापेक्षा ९०,००० जास्त मिळाले, ते त्यानं मध्ये ठेवायचे. बहिणीला ८०,००० जास्त, तिनंही ठेवायचे. धाकट्याला ८०,००० कमी पडले, ते त्यानं उचलायचे. मध्ये ९०,००० उरले, ते तिघांत तीस-तीस हजार. शेवटी थोरला ६०,००० देतो, बहीण ५०,००० देते, धाकट्याला बैलजोडी आणि वर १,१०,००० मिळतात. आता प्रत्येकानं आपल्याच आकड्यांनी मोजून बघावं: थोरल्याकडे २,२५,००० चं आलं, बहिणीकडे २,२०,००० चं, धाकट्याकडे २,३०,००० चं. तिघांनाही आपल्या हिश्श्यापेक्षा तीस हजार जास्त. हे जास्तीचे येतात कुठून? तिघांच्या लेखी वस्तूंची किंमत वेगळी आहे आणि प्रत्येक वस्तू तिची कदर सर्वांत जास्त करणाऱ्याकडे गेली, त्यातून.

बोलीत काय बिघडतं तेही ऐका. एक, जिद्दीनं मोठा आकडा लिहिणारा पैसे देताना अडकतो. म्हणून नियम आधीच हवा: किती दिवसांत पैसे, आणि न दिल्यास वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याकडे. हातात रोख नसणं हे आपल्याकडे नवल नाही. सोयाबीन निघाल्यावर किंवा उसाचं बिल आल्यावर अशी मुदत द्या, पण तारीख घाला. दोन, स्वस्तात मिळावी म्हणून मुद्दाम कमी लिहिणारा वस्तूच गमावतो आणि त्याचा हिस्साही त्याच्याच कमी बेरजेवर मोजला जातो. तीन, दोघांनी आकडे आधी जुळवून घेतले तर तिसरा फसतो. म्हणून पाकिटं एकाच खोलीत, एकाच वेळी भरा आणि फोडताना बाहेरचा एक पंच ठेवा. चार, आणि हा दोष पद्धतीचाच: ज्याच्याकडे पैसा नाही त्याची माया आकड्यात उतरत नाही. मजुरी करणारी बहीण आईच्या पाटल्यांना पगारदार भावाइतका आकडा कसा लिहील? अशा घरात आठवणीच्या वस्तू रुपयांच्या बोलीत घालूच नका.

*गुणांची बोली.* त्या वस्तूंसाठी प्रत्येकाला १०० गुण द्या. आईची नथ, वडिलांचं घड्याळ, फेटा, जातं, हार्मोनियम यांवर प्रत्येकानं आपले गुण गुपचूप वाटून लिहायचे, ज्याचे जास्त त्याची वस्तू. एकाच्या पदरात सगळंच पडू नये म्हणून प्रत्येकाला किमान एक वस्तू मिळेपर्यंत कोणाला दुसरी द्यायची नाही. गुण सारखे आले तर चिठ्ठी. इथं गरीब-श्रीमंत सगळ्यांचे गुण सारखेच.

चिठ्ठ्या टाकतानाही काळजी घ्या. एकाच वहीचं पान, एकाच मापाचे तुकडे, सारख्या घड्या, तांब्यात टाकून सर्वांसमोर हलवायच्या, लहान लेकराच्या हातानं काढायच्या आणि काढून झाल्यावर उरलेल्याही उघडून दाखवायच्या. चिठ्ठीत शक्यतो पाळीचा क्रमांक घाला. थेट वस्तूंच्या चिठ्ठ्या टाकल्या तर शेती न करणाऱ्याला नांगर मिळतो आणि शेतकऱ्याला डायनिंग टेबल.

देव, मुखवटे आणि कागद

देवघरातले टाक बोलीत किंवा पाळीत घेऊ नका. बहुतेक घरांत मूळ टाक थोरल्याकडे किंवा मूळ घरात राहतात आणि वेगळे झालेले भाऊ कुलदैवताचे नवे टाक घडवून, पूजा करून आपल्या घरी नेतात. या नव्या टाकांच्या चांदीचा आणि घडणावळीचा खर्च सामाईक पैशातून करा. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचं तसंच, ज्येष्ठा एकाकडे आणि कनिष्ठा दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. एकाच घरी कायम ठेवून सगळ्यांनी तिथं जेवायला जमायचं, की दरवर्षी घर बदलायचं, हे ठरवा. घर बदलायचं असेल तर मुखवटे, सांगाडे, साड्या, दागिने यांची वेगळी यादी करून ती पेटीतच ठेवा आणि दर वर्षी देताना-घेताना तपासा.

वेळ अमावस्येला शेतात नेली जाणारी मोठी पातेली, लग्नकार्याची डेग, सतरंज्या या गोष्टीही सामाईकच बऱ्या. फक्त ठेवायचं कोणाकडे, नेणाऱ्यानं कधी परत करायची आणि कल्हई-दुरुस्तीचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी लिहा. न लिहिलेली सामाईक वस्तू शेवटी ज्याच्या घरी आहे त्याचीच होते.

जुन्या कागदांना हलक्यात घेऊ नका. निजामाच्या राजवटीतले उर्दू दस्त, मोडी लिपीतले कागद, १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), जातीच्या नोंदी यांची गरज कधी कोणाच्या नातवाला लागेल सांगता येत नाही. मूळ कागद एकाकडे, पण सगळ्यांचे स्कॅन प्रत्येकाच्या मोबाईलवर आणि एक छापील संच प्रत्येकाच्या घरी. फोटोंचंही असंच. अल्बम फाडून फोटो वाटू नका, आधी स्कॅन करा.

कागदावर उतरवा

प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी यादी करा: वस्तूचा क्रमांक, वजन, ठरलेला भाव, देणं-घेणं आणि तारीख. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार, प्रत्येकाला एक प्रत. नोंदणी कायदा १९०८ मधली दस्त नोंदवण्याची सक्ती स्थावर मालमत्तेसाठी आहे, म्हणून जंगम सामानाचा कागद वेगळाच ठेवा. त्यात घर किंवा शेत घुसवलं की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. ज्या बहिणीनं किंवा भावानं मनानं एखादी वस्तू सोडली असेल, तिथं ‘स्वखुशीनं सोडली’ असं तिच्या किंवा त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या.

सामान शक्यतो एकाच दिवशी हलवा. एकाचा टेम्पो आज आणि दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात असं झालं, की मागे राहिलेल्याचं सामान ‘कमी भरतं’. त्यानंतर पंधरा दिवस अदलाबदलीला मोकळे ठेवा: दोघांची खुशी असेल तर वस्तूला वस्तू बदलावी आणि दोघांच्या यादीत तशी दुरुस्ती करून सह्या कराव्यात.

सगळं झाल्यावर कोणालाच नको असलेलं बरंच उरतं: मोडकी बाज, गंजलेली कोळपी, फुटका रांजण, बंद पडलेला टीव्ही. हे कोणाच्या वाट्यात कोंबू नका आणि रिकाम्या घरात सोडूनही देऊ नका. भंगारवाल्याला एकदाच बोलवा, दोन वाटेकरी काट्याजवळ उभे राहा आणि आलेल्या पैशातून आधी टेम्पोचं भाडं, सराफाची तपासणी, स्कॅनिंग असा सामाईक खर्च भागवा. उरलेली रक्कम हिश्श्याप्रमाणे त्याच दिवशी वाटून वहीत शेवटची ओळ ओढा.